शेणीचा धूर

वणवा कोण लावतं ते तुमचं यंत्र सांगतं, पण का लावतं ते सांगतं का, असं लोक मंदाकिनी उतेकरला विचारायचे. ते विचारण्यासाठीच मला पगार मिळतो, असं ती सांगायची.

पळसोळीच्या वणवा केंद्रात ती तपासनीस होती. २०३९ साल, नोकरीचं सहावं वर्ष. वणवा विझला की जागेवर जायचं, यंत्राने दाखवलेला आरंभबिंदू तपासायचा, माणूस सापडला की त्याच्यासमोर बसायचं आणि कारण विचारायचं. असं तिने दीडशेच्या आसपास माणसांना विचारलं होतं. नवं गवत जोमानं फुटतं म्हणून लावला, असं सांगणारे सर्वांत जास्त. बांधाच्या भांडणात शेजाऱ्याची काजूची रोपं जाळणारे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. बिबट्याला लपायला जागा राहू नये म्हणून शाळेच्या वाटेवरची झुडपं पेटवणाऱ्या दोन आया होत्या. कोयता जप्त झाल्याच्या रागात अख्खी टेकडी पेटवणारा एक जण होता. एका नवरदेवाला लग्नाआधीच्या फोटोत पाठीमागे ज्वाळा हव्या होत्या. मंदाकिनी सगळं ऐकून घ्यायची. कुणाला उपदेश करायची नाही. माणूस एकदा बोलायला लागला की तो स्वतःच स्वतःला ऐकतो आणि मग खरं कारण बाहेर येतं, एवढं तिला अनुभवाने कळलं होतं.

यंत्राचं नाव धूरवेध. डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर कमरेएवढे खांब रोवले होते आणि प्रत्येक खांबात हवा हुंगणारी एक चकती होती. गवत जळतं तेव्हा त्यातलं सेल्युलोज तुटून एक ठरावीक साखर धुराबरोबर उडते. लाकडातलं लिग्निन जळलं की दुसरी रसायनं निघतात. त्यावरून धूर कशाचा हे कळतं. शिवाय अगदी पहिल्या क्षणांच्या धुरात पेटवणाऱ्या वस्तूची खूण असते. काडीच्या गुलातलं गंधक, लायटरमधला ब्युटेन, विडीतलं निकोटीन. हा धूर कोणत्या खांबापाशी कधी पोचला आणि तेव्हा वारा कसा होता, हे जुळवून संगणक उलटं गणित मांडतो आणि आग कुठे, किती वाजता, कशाने लागली ते सांगतो. चूक फार तर दोन पावलांची.

दुसरा भाग जमिनीखाली होता. वाटांच्या कडेने हातभर खोल काचतंतूची तार पुरलेली होती. तिच्यातून सतत प्रकाश सोडलेला असे. वर पाऊल पडलं की माती दबते, तार केसाच्या हजाराव्या भागाइतकी ताणली जाते आणि परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. गवा चालला की डुक्कर की माणूस, हे त्यावरून ओळखू येई. माणसाची चाल नावाशी जोडायला मात्र कायद्याने बंदी होती. त्यासाठी रीतसर चौकशी उघडावी लागे.

पकडले जातो हे कळल्यावर लोकांनी वणवे लावायचं सोडलं. पूर्वी एका उन्हाळ्यात सव्वाशे वणवे लागायचे, ते तीन वर्षांत सहावर आले. तेही ड्रोन जाऊन विझवायचे. त्यामुळे त्या जानेवारीत केंद्राने परिपत्रक काढलं, की पळसोळीचं वणवा पथक मेअखेर बरखास्त होईल.

पथकात बावीस माणसं होती आणि त्यांचा म्होरक्या होता सर्जेराव उतेकर, मंदाकिनीचा थोरला भाऊ. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती चौथीत होती. सर्जेरावने स्वतःचं शिक्षण सोडलं आणि हिला डिप्लोमापर्यंत शिकवलं. हिरव्या डहाळीने आग कशी झोडपायची, वारा कुठून येतोय ते गवताच्या शेंड्यावरून कसं ओळखायचं, समोरून येणाऱ्या वणव्याला आपणच आडवी आग लावून कसं उपाशी मारायचं, हे सगळं तिला त्यानेच शिकवलं होतं. आठ वर्षांपूर्वी एका वणव्यात तो घळीत पडला. तेव्हापासून डावा पाय जरा ओढत चालायचा. तरीही चढाला तोच सगळ्यांच्या पुढे असायचा.

परिपत्रक आलं त्या दिवशी मंदाकिनी त्याच्याकडे जेवायला होती. त्याने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि बायकोला, कलावतीला, म्हणाला, "भाकरी वाढ हिला."

फेब्रुवारीत पहिला वणवा लागला. मग दुसरा. मार्चअखेरपर्यंत पाच झाले. पाचही लहान, पाचही गाडीरस्त्याजवळ, पाचही वारा पडलेला असताना भर सकाळी. आणि प्रत्येक वेळी ड्रोनच्या आधी पथक पोचलेलं. यंत्राला आग दिसत होती, पण पेटवल्याची खूण सापडत नव्हती. काडी नाही, लायटर नाही, विडी नाही. वर्तमानपत्रांत पथकाचे फोटो आले. यंत्र चुकतं तिथे माणूसच धावून जातो, असं कुणीतरी लिहिलं. केंद्राचे प्रमुख क्षीरसागर यांनी तर दुसऱ्या वणव्यानंतरच बरखास्तीचा आदेश तूर्त बाजूला ठेवला होता.

सहावा वणवा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कारवीच्या सड्यावर लागला. हा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं मैल-दीड मैलाचं सपाट गवताळ रान. त्याच्या कडेला गवळी धनगरांची पाच घरं. त्या सकाळीही वारा पडलेला होता, पण आग लागल्यावर थोड्याच वेळात तो दरीकडून उठला आणि आग रस्त्याऐवजी घरांकडे वळली. ठकूबाई कोकरे नावाची साठीची बाई म्हशींची दावी सोडायला गोठ्यात शिरली आणि छपराने पेट घेतला. सर्जेराव ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत गेला आणि तिला उचलून बाहेर आला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तीन म्हशी सुटल्या, दोन गेल्या.

गावाने सर्जेरावचा सत्कार ठरवला.

चौथ्या दिवशी क्षीरसागरांनी मंदाकिनीला बोलावलं. ते साठीला आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ होते.

"या वेळी यंत्राला खूण सापडली," ते म्हणाले. "शेणीचा, म्हणजे गोवरीचा धूर. आरंभबिंदूपासून ठकूबाईची चूल तीनशे पावलांवर. त्यांच्या चुलीतली ठिणगी उडाली. घरगुती निष्काळजीपणा."

"सर, शेणीचा धूर तर यंत्र मोजतच नाही."

"मोजतं. पण चुलीचा समजून गाळून टाकतं. ही दुर्घटना मोठी होती म्हणून मी गाळणी काढून पुन्हा गणित करून घेतलं. अहवालावर तुमची सही लागेल. धनगरवाड्याचे चराईचे परवाने रद्द करावे लागतील. पाचही घरांचे."

"मला दोन दिवस द्या."

"कशासाठी?"

"ठिणगी तीनशे पावलं उडत नाही, सर. वारा पडलेला असताना तर नाहीच."

क्षीरसागरांनी चष्मा काढून पुसला. "दोन दिवस," ते म्हणाले.

खोलीबाहेर आल्यावर मंदाकिनी जिन्याच्या पायरीवर बसली. गाळणीची गोष्ट केंद्राबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. घराघरांतल्या चुलींमुळे सारखा खोटा इशारा वाजायचा, म्हणून शेणीचा धूर वगळायची सूचना यंत्राला तिनेच दिली होती. आणि ती गंमत म्हणून बाहेर फक्त एका माणसाला सांगितली होती. दिवाळीत, फराळाच्या ताटावर.

तिने आधीच्या पाचही वणव्यांचं गणित गाळणी काढून पुन्हा केलं. पाचही ठिकाणी शेणीचा निखारा निघाला. मग रीतसर चौकशी उघडून कारवीच्या सड्यावरच्या तारेची नोंद मागवली. कानाला हेडफोन लावला. तारेचं कंपन ध्वनीत बदललं की मातीखाली बसून वरची पावलं ऐकल्यासारखं वाटे. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी एक माणूस वरच्या पायवाटेने सड्यावर आला. एक पाऊल घट्ट, दुसरं घासत. एक घट्ट, एक घासत. तो थांबला, थोडा वेळ तिथेच राहिला, आणि आला तसा परत गेला.

नाव शोधायला संगणकाची गरज नव्हती. लहानपणी आजारी पडली की अंथरुणातून ती दाराबाहेरची पावलं ओळखायची. तेव्हा ती दोन्ही घट्ट पडायची, एवढाच फरक.

दुपारी ती त्याच्या घरी गेली. सर्जेराव अंगणात पाला उडवायचं यंत्र खोलून बसला होता. हात काळे झाले होते.

"आलीस व्हय? बस. वैनी दळनाला गेलीया."

ती समोरच्या दगडावर बसली. "दादा, ठकूबाईचे परवाने रद्द करतायत. आग तिच्या चुलीनं लागली म्हणून."

त्याचा हात थांबला. "तिच्या चुलीनं कशी लागंल?"

"शेणीचा धूर निघाला."

तो पुन्हा स्क्रू फिरवायला लागला, पण स्क्रू आधीच घट्ट बसलेला होता. मंदाकिनी वाट बघत राहिली. दीडशे माणसांसमोर ती अशीच बसली होती. या वेळी तिला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"तू ऐकलीस का ती तार?" त्याने खाली बघतच विचारलं.

"ऐकली."

"मग इचारतीस कशाला?"

"का केलंस ते विचारायला आले."

"बावीस घरं हायत, मंदे. दौलतच्या पोरीचं लगीन ठरलंय. महादूला दुसरं काय येत न्हाई. यंत्र काय, आज हाय उद्या बंद पडंल. त्या दिवशी डोंगरावर कोन जानार? लहान लहान आगी लावल्या. रस्त्याकडंला. कुनाचं काय जळू दिलं न्हाई."

"पहिल्या वणव्यानंतरच साहेबांनी आदेश थांबवायचं बोलणं काढलं होतं. दुसऱ्यानंतर थांबवलाच. ते मी तुला सांगितलं होतं. मग पुढचे चार कशाला?"

सर्जेरावने हातातला स्क्रूड्रायव्हर जमिनीवर ठेवला.

"आग दिसली की मला कळतं काय करायचं," तो म्हणाला. "कुठनं शिरायचं, कुनाला कुठं उभं करायचं, समदं दिसतं. मानसं माझ्या तोंडाकडं बघत्यात. मी हात केला तिकडं पळत्यात. यंत्र आल्यापासनं तीन वर्सं मी ह्या अंगनात बसून हाय. मला सकाळी उठून काय करावं तेच उमगत न्हाई. पहिली आग पोरांसाठी लावली. त्या रातीला मला झोप लागली. तीन वर्सांत पहिल्यांदा." तो थांबला. "बाकीच्या मग त्याच्यासाठी लावल्या."

मंदाकिनीने काही लिहून घेतलं नाही.

"ठकूबाई मेली असती," ती म्हणाली.

"ठाऊक हाय. म्हनून तर आत शिरलो."

"आणि परवा सत्काराला उभा राहणार होतास?"

त्याने काळे हात एका चिंधीला पुसले. जरा वेळाने ती म्हणाली, "मी अहवाल लिहिणार आहे, दादा. पण उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तू आधी जाऊन सांगितलंस तर निराळं."

"कुनाला? पोलिसांना?"

"ते तू ठरव."

तालुक्याच्या रुग्णालयात ठकूबाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. दोन्ही हातांना बँडेज. सर्जेराव दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेला. मंदाकिनी सोबत होती, पण ती दाराशीच थांबली.

"ठकूमावशी," सर्जेराव म्हणाला, "तुझ्याकडची आग मी लावली."

"मला ठावं हाय," ठकूबाई म्हणाली.

तो बघतच राहिला.

"पथक नेहमी खालनं, गाडीरस्त्यानं येतंय. तू वरनं आलास. एकलाच. आगीच्या आधी हेल्मेट घालून. मी गोठ्यात हुते, फटीतनं बघितलं की."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुनाला बोलू? त्यांचं यंत्र म्हनतंय माझी चूल. माझं ऐकनार का यंत्राचं?" तिने मान खिडकीकडे वळवली. "आनि तू मला भाईर काढलंस. तेबी खरंच हाय. दोन्ही खरं हाय. मी पडून पडून तेच बघत हुते, की दोन्हीचं काय करायचं."

सर्जेराव खाटेशेजारी खाली बसला.

"जळाली त्यातली चंद्री गाभन हुती," ठकूबाई म्हणाली. "ह्या आठवड्यात व्यायची हुती."

तो तिथून उठला आणि सरळ पोलीस ठाण्यात गेला. जबाबात त्याने सहाही वणवे सांगितले. डब्याच्या झाकणात निखारा कसा नेला, वाळलेलं गवत त्यावर कसं अंथरलं, आणि यंत्रात शेणीचा धूर धरत नाहीत हे कसं कळलं, तेही. शेवटच्या गोष्टीसाठी मंदाकिनीची विभागीय चौकशी झाली आणि तिची एक बढती गेली. तिने हरकत घेतली नाही.

सर्जेरावला दीड वर्षाची शिक्षा झाली. धनगरवाड्याचे परवाने राहिले. पथक त्याच मेअखेरीला बरखास्त झालं. पथकातली माणसं मंदाकिनीला रस्त्यात बघून तोंड फिरवायला लागली. कलावती वहिनींनी तर तिच्याशी एक शब्दही बोलायचं टाकलं. कोर्टातही त्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

गोष्ट इथे थांबली नाही. अहवालात 'कारण' या रकान्यासमोर यंत्राने अकरा पर्याय दिले होते. गवत, शिकार, वैर, भीती, जमीन वगैरे. त्यांतला एकही बसेना, म्हणून मंदाकिनीने भावाचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. तिला ते खरं वाटलं होतं आणि लिहायलाच हवं असं वाटलं होतं. पण वर्षाच्या शेवटी मुख्यालयाने सगळ्या केंद्रांतली कारणं एकत्र करून धूरवेधला नवा भाग जोडला. कोण वणवा लावील, याचा अंदाज आधीच बांधणारा. त्याने मंदाकिनीच्या त्या चार ओळींतून एक नियम काढला. पूर्वी आग विझवणारे आणि आता रिकामे असलेले लोक जोखमीचे. बरखास्त झालेल्या प्रत्येक पथकातल्या प्रत्येक माणसाचं नाव यादीत गेलं. त्यांची चाल तारेवर नोंदवायची खास परवानगीही निघाली.

दौलत तिला बाजारात भेटला. पथकातला सर्वांत जुना माणूस.

"वीस वर्सं आमी विझवल्या," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "आता सरपनाला डोंगरावर गेलो तरी फोन येतो, का आलात, किती वेळ थांबनार. हे तू लिव्हलंस म्हनं."

"मी एका माणसाचं लिहिलं होतं, दौलतमामा."

"आमी बावीस हाय."

त्या रविवारी तिने मुख्यालयाला पहिलं पत्र लिहिलं. एका माणसाचं कारण हे बाकीच्यांचं कारण होत नाही, मी विचारलेल्या दीडशे माणसांत दोघांची कारणंही तंतोतंत एक नव्हती, असं त्यात होतं. उत्तर आलं, की अंदाजाची अचूकता समाधानकारक आहे. तिने दुसरं पत्र लिहिलं. मग तिसरं. सातव्या पत्राबरोबर तिने बाविसांपैकी एकवीस जणांचे जबाब जोडले. वणवा लावावासा कधी वाटला होता का, हे ती त्यांच्या घरी जाऊन, शिव्या खाऊन विचारून आली होती. चौघांनी होय म्हणून सांगितलं होतं. त्या चौघांनी का लावला नाही, तेही तिने लिहिलं. एकाने म्हातारीची शेळी सड्यावर चरते म्हणून. एकाने लाज वाटली म्हणून. यंत्रात, न लावण्याच्या कारणाला रकाना नव्हता. यादी अजून उठलेली नाही, पण चाल नोंदवायची परवानगी मागे घेतली गेली.

सर्जेराव सुटून आला तो दिवाळीच्या सुमारास. मंदाकिनी त्याला आणायला गेली होती. येताना दोघं पिकांबद्दल आणि रस्त्याबद्दल बोलले. घराच्या फाट्यावर तो उतरला. "आत चल," असं तो म्हणाला नाही आणि तिनेही वाट बघितली नाही.

पुढे फाल्गुनात, एका दुपारी केंद्रात इशारा वाजला. कारवीचा सडा, दक्षिणेची बाजू. पडद्यावर धूर चढत होता, ड्रोन निघाले होते. तेवढ्यात मंदाकिनीचा मोबाइल वाजला.

"मंदे," सर्जेराव म्हणाला. "सड्यावर धूर दिसतोय. तुमाला दिसला का?"

"दिसला. ड्रोन निघालेत."

"वारा दरीकडनं हाय. उजवीकडनं आधी धरा म्हनावं."

तिने ते ड्रोन चालवणाऱ्या मुलीला सांगितलं. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, धावल्यासारखा.

"दादा, कुठे आहेस?"

"घरात हाय. आतल्या खोलीत." तो थांबला. "लई ओढ लागलीया, मंदे. पाय आपोआप निघत्यात. तू वैनीला इचार मी कुठं हाय ते. माझ्या बोलन्यावर जाऊ नगंस."

"मला विचारायची गरज नाही."

"इचार की."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा कलावतीचा आवाज तिच्या कानावर पडला.

"घरातच हायेत," वहिनी म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं, म्हनून आतनं कडी मी घातलीया. दाराला पाठ लावून बसलेय."

पडद्यावर पहिल्या ड्रोनने पाणी सोडलं होतं.

"वहिनी, फोन ठेवू नका," ती म्हणाली. "आग विझेपर्यंत असाच राहू दे."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

आग विझायला एकवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तिघांपैकी कुणीच काही बोललं नाही.